राजाचा शिक्का सरळ पडतो

टोकियो आणि आसपासच्या सगळ्या मराठी माणसांत जपानचा कायदा कसा तयार होतो हे अथपासून इतिपर्यंत जाणणारा माणूस एकच होता, आणि त्याला जपानी येत नव्हतं. आभाराचं साधं 'अरिगातो' म्हणण्याआधीसुद्धा ते एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेत, जणू सभागृहाची हरकत नाही ना याची खात्री करत. त्यांना आमच्या मराठी मंडळात कुणी नावाने ओळखत नसे. मेघना निशी-कसाईला राहायची, एका बँकेत नोकरीला होती, आणि हे तिचे वडील. म्हणून ते 'मेघनाचे बाबा'. मंडळाने परवा जी स्मरणिका काढली तिच्यात त्यांच्याविषयी दीड ओळ आहे : 'माजी चिटणीस. नियमबदलानंतर नाराज होऊन मायदेशी परतले.' शेजारी त्यांच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या कागदाचा फोटो आहे. त्यावर माझ्या नावाचा शिक्का वाकडा उमटला आहे, आणि खाली कुणीतरी प्रेमाने लिहिलं आहे की वयोमानामुळे आमच्या ज्येष्ठ काकांचा हात थरथरला. माझी आता ऐंशी उलटून गेली आहे. त्या पानावरच्या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि हे सांगू शकणारा मीच काय तो उरलो आहे.

ते पहिल्यांदा आले ते मोठ्या भूकंपानंतर. त्या वसंतात जो तो परतीचं तिकीट शोधत होता. निशी-कसाईच्या भारतीय दुकानात तूरडाळ पडून होती आणि घेणारी माणसं मुंबईला पोचली होती. मेघनाने नोकरी सोडून यायला साफ नकार दिला, तेव्हा हेच ठाण्याहून तिच्याकडे आले. 'जाणारी विमानं भरलेली, येणारं रिकामं,' ते सांगत. 'म्हणजे बहुमत माझ्या विरोधात होतं. पण विरोधी पक्षालाही प्रवास करण्याचा हक्क असतो.' त्यांचं सगळं बोलणं असंच असे. मेघनाने भाजी कुठली करू असं विचारलं तर ते 'तारांकित प्रश्न आहे की अतारांकित?' असं विचारत आणि मग दोडक्यावर निवेदन करत.

याचं कारण असं, की त्यांनी सारी नोकरी मुंबईच्या विधानभवनात प्रतिवेदक म्हणून केली होती. सभागृहात आमदार जे बोलतात ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घेणारे जे लोक असतात, त्यांतले ते एक. किती मुख्यमंत्री आले नि गेले, किती माइक फुटले, किती सभात्याग झाले, सगळं त्यांच्या पेन्सिलीतून गेलं. पण त्या सभागृहात त्यांनी स्वतः एकदाही तोंड उघडलं नाही. प्रतिवेदकाने हसायचंसुद्धा नसतं. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर म्हणे सवयीने त्यांनी पेन्सिल काढली आणि दुसरं कुणी बोलायची वाट बघत बसले.

त्या वर्षी गणपती बसवायचा की नाही यावर मंडळाची सभा होती. वॉर्डाच्या हॉलमध्ये आम्ही मूठभर लोक, आणि सगळे एकदम बोलत होते. लोक उत्तरेकडे तंबूत राहताहेत आणि आपण आरत्या म्हणायच्या का, असं एक म्हणे. मग काय घरात तोंड लपवून बसायचं का, असं दुसरा. तेवढ्यात भूकंपाचा एक मागाहूनचा धक्का बसला. दिवे हलले, सगळे उठून दाराकडे धावले. दारापाशी मेघनाबरोबर आलेले एक गृहस्थ मात्र खुर्चीत बसून होते. ते शांतपणे म्हणाले, 'सभागृह स्थगित केल्याशिवाय सदस्यांना बाहेर जाता येणार नाही.' आणि गंमत अशी, की आम्ही थांबलो. धक्का ओसरेपर्यंत सभा रीतसर तहकूब झाली, पुन्हा भरली, आणि उत्सव साधा करावा, जमलेले पैसे उत्तरेला पाठवावेत असा ठराव एकमताने झाला. त्याच सभेत आम्ही त्यांना चिटणीस केलं. कसं केलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मला वाटतं ठराव त्यांनीच सुचवला असावा.

चिटणीस झाल्या झाल्या त्यांनी मंडळाला घटना दिली. जपानात राहतो तर पद्धत जपानची हवी, म्हणून दोन सभागृहं. हॉलमध्ये अर्धी जागा तातामीची, म्हणजे चटयांची होती, आणि मागे थोड्या खुर्च्या. जे चटईवर मांडी घालून बसू शकतात ते कनिष्ठ सभागृह. ज्यांचे गुडघे दुखतात ते वरिष्ठ. निवडणुकीचा प्रश्नच नाही, सगळं संधिवातावर. मतदान पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांनी. जपानी संसदेत होकाराला पांढरी पट्टी आणि नकाराला निळी टाकतात, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. झाकणं इथे कचऱ्यात वेगळी काढावीच लागतात, त्यामुळे दोन्ही रंग घरोघरी मुबलक. आणि या सगळ्याच्या वर राजा. तो मी. योकोहामात तरुणपणी येऊन स्थायिक झालेला, मंडळात सर्वांत जुना, एवढीच माझी पात्रता. सभेबाहेर ते मला 'योकोहामाकर' म्हणत आणि सभेत 'महाराज'.

'महाराजांचं काम काय?' मी विचारलं.

'दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या नियमावर शिक्का मारायचा आणि तो जाहीर करायचा.'

'आणि मला नियम पटला नाही तर?'

'पटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

'समजा उद्भवला.'

'कसा उद्भवेल? तुम्हाला मत नाही.'

'मग माझ्याकडे आणायचाच कशाला?'

'शिक्का मारायला!'

मी हा संवाद बरीच वर्षं मनात घोळवला. घरी येऊन हिला समजावून सांगायला गेलो तर ही म्हणाली, 'म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाचा मामा असतो तसं.' ही तुलना मी मेघनाच्या बाबांच्या कानावर घातली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, 'वहिनींना घटनाशास्त्र येतं.' मला मात्र आलं नाही. सरकार मसुदा करतं, समिती तो चिवडते, खालचं सभागृह मंजूर करतं, वरचं नामंजूर करतं, मग खालचं दोन तृतीयांशांनी पुन्हा मंजूर करतं, हे मी पाठ केलं होतं. पण शेवटी सम्राटापाशी आलो की माझी गाडी रुळावरून उतरे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला किंमत काय, हे मला समजेना.

पहिला नियम घेऊन ते योकोहामाला माझ्या घरी आले. कागद जांभळ्या कापडात गुंडाळलेला होता. जपानी संसदेत सम्राटाचा हुकूमनामा जांभळ्या रेशमात येतो म्हणून त्यांनी मेघनाच्या आईच्या पैठणीतला ब्लाउजपीस मिळवला होता, आणि त्या माउलीने पुढे कायम त्या पैठणीवर काळं ब्लाउज घातलं. मी माझा हांको काढला. हांको म्हणजे नावाचा छोटा गोल शिक्का. इथे सहीऐवजी तोच चालतो. लाल शाईत बुडवून मी मारला, आणि मेघनाच्या बाबांनी कपाळाला हात लावला.

'वाकडा आला.'

तो वाकडाच यायचा. मी ज्या जपानी कंपनीत जन्म घालवला तिथे एकाच कागदावर ओळीने शिक्के असत, साहेबाचा सगळ्यांत डावीकडे. हाताखालच्या माणसाने आपला शिक्का थोडा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबापुढे वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. कुणी शिकवलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण सरळ मारणाऱ्याकडे लोक बघत. मी आयुष्यभर वाकडा मारला. ज्यांना दोन वाक्यं धड लिहिता येत नव्हती अशा साहेबांपुढेही माझा शिक्का वाकला.

मी हे सांगितलं तर ते उठून उभे राहिले. 'योकोहामाकर, राजाचा शिक्का सरळ पडतो. राजा कुणापुढे वाकत नाही, आणि कुणाला वाकवतही नाही. तेवढंच तर त्याचं काम आहे.' त्यांनी मला जुन्या वर्तमानपत्रावर सराव करायला बसवलं. पान लाल ठिपक्यांनी भरलं. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, 'गोवर आला काय हो पेपराला?' शेवटी एक सरळ उमटला. मूळ कागद त्यांनी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढला, माझ्या शिक्क्याच्या डावीकडे मंत्र्याने करावी तशी स्वतःची सही केली, आणि पुढे प्रत्येक वेळी शिक्का जरा जरी कलला तरी ते नवा कागद लिहीत. मला त्याचा राग यायचा, पण साठी ओलांडल्यावर माझ्या नावाचा शिक्का पहिल्यांदा ताठ उभा राहिला हेही खरं.

आमच्या संसदेत काय काय कायदे झाले! सगळ्यांत गाजला तो तळणबंदीचा. दिवाळीत हॉलमध्ये चकल्या तळताना धुराचा भोंगा वाजला होता आणि वॉर्डाच्या कचेरीने समज दिली होती. चटईने बंदी मंजूर केली. खुर्च्यांनी, म्हणजे ज्यांच्या हातची चकली त्या सगळ्या मावश्यांनी, ती फेटाळली. नियमाप्रमाणे प्रश्न पुन्हा चटईकडे आला, आणि तेव्हा मेघनाच्या बाबांनी सदस्यांना जी एक जपानी युक्ती सांगून ठेवली होती ती उलटली. संसदेत विरोधकांना मतदान लांबवायचं असलं की ते पट्टी टाकायला बैलाच्या चालीने जातात, पाऊल उचलतात आणि तिथेच ठेवतात. चकलीप्रेमी मंडळी तशी निघाली. झाकण टाकायच्या डब्यापर्यंत जेमतेम खोलीभर अंतर, पण हॉलची वेळ संपत आली, बाहेर पुढचा कार्यक्रम करणाऱ्या जपानी आजीबाई चपला काढून उभ्या राहिल्या, तरी आमचे बैल अर्ध्या वाटेवरच. अध्यक्ष आदित्य, ग्योतोकुला राहणारा, आयटीमधला, गुणी मुलगा, अगदी रडकुंडीला आला. 'काका, सांगा ना यांना!' तो म्हणाला. मेघनाच्या बाबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. 'आदित्य, इतकी जिवंत लोकशाही मी मुंबईत पाहिली नाही रे,' ते म्हणाले.

एकदा मी त्यांच्याबरोबर खऱ्या संसदेत गेलो. प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसलो. खाली कसल्याशा विधेयकावर चर्चा चालली होती. मला जपानी येतं तरी डोळे मिटायला लागले. यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण ते ताठ बसले होते. सभागृहाच्या मध्यभागी त्यांना लघुलेखकांचं टेबल दिसलं आणि त्यांनी मला कोपराने ढोसलं. मग मी पाहिलं, त्यांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. न कळणारं भाषण ते पॅन्टवर उतरवून घेत होते. सुरक्षारक्षक संशयाने जवळ येऊन उभा राहिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, 'अहो, अर्थच कळत नाही तर काय घेता लिहून?' ते म्हणाले, 'अर्थ त्यांचा. शेवटपर्यंत ऐकून घेणं आपलं.' आणि मग, दाराबाहेर चप्पल शोधावी तसं काहीतरी शोधत, 'तुम्ही विचारत होता ना राजाचं काम काय. लोक भांडून भांडून जे ठरवतात ते कुणीतरी मान न हलवता पुरतं ऐकून घ्यावं लागतं. नाहीतर ते ठरलं असं वाटतच नाही. मी तिकडे तेच केलं, फक्त मला कुणी महाराज म्हणालं नाही.'

पुढे सम्राटांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की वय झालं, कामं झेपतील का अशी काळजी वाटते. मेघनाच्या बाबांचा मला ठाण्याहून फोन. 'ऐकलंत? निवृत्त व्हायचंय असं ते म्हणाले नाहीत! म्हणताच येत नाही! कायदा मागणं म्हणजे राजकारण. बिचाऱ्याला स्वतःच्या निवृत्तीचा अर्जसुद्धा करता येत नाही.' मग संसदेने त्यांच्यासाठी खास कायदा केला. मी विचारलं, 'म्हणजे स्वतःच्या निवृत्तीचा कायदाही त्यांनी स्वतःच जाहीर करायचा?' 'हो,' ते म्हणाले. 'सुंदर आहे ना?' मला त्यात सुंदर काय ते कळलं नाही. मी पुन्हा गोंधळलो.

ठाण्याहून फोन, कारण ते इथे कायम नसतच. आईवडिलांना मिळतो तो तीन महिन्यांचा व्हिसा. ते आले की मंडळाचं अधिवेशन सुरू, व्हिसा संपला की संस्थगित. मधल्या काळात हॉलचं आरक्षण, वॉर्डाची पत्रं, सगळं त्यांच्या नावावर अडून राही. आणि इथे माझी कुरकुर येते. एका संध्याकाळी आदित्यच्या घरी चहा पिता पिता मी म्हणालो, 'ते तिकडे ठाण्यात, कागद इथे कपाटात, नि मंडळ अधांतरी. चिटणीस इथे राहणारा असावा बुवा.' एवढंच. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोललो होतो. माझं लक्ष भजीकडे होतं. पण राजा बोलला असं आदित्यला वाटलं असावं, आणि पुढच्या अधिवेशनात त्याने मसुदा आणला : पदाधिकाऱ्याकडे शक्यतो जपानचं निवासी कार्ड असावं.

हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं की असं कार्ड नसलेला पदाधिकारी एकच आहे. कुणी त्यांच्याकडे बघेना. ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'माननीय अध्यक्षांच्या मसुद्यात एक पळवाट आहे. "शक्यतो" हा शब्द काढावा.'

आदित्यने मान खाली घातली. 'काका, तो शब्द मी तुमच्यासाठीच घातलाय.'

'म्हणूनच काढायचा,' ते म्हणाले. 'एका माणसासाठी घातलेला शब्द कायद्यात ठेवत नाहीत.'

मग त्यांनी विधेयकाची तिन्ही वाचनं केली, खणखणीत आवाजात. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलेल्या माणसाला बोलायला मिळालेली ती जागा होती, आणि तिच्यावरचा आपला हक्क ते स्वतःच कलमाकलमाने वाचून संपवत होते. झाकणं मोजली तीही त्यांनीच. पांढरीच पांढरी, आणि एक निळं. मेघना खिडकीबाहेर बघत होती. राजाला मत नसतं, हा मला पहिल्यांदा पूर्ण समजलेला आणि सोयीचा वाटलेला नियम.

त्या रविवारी दुपारी ते जांभळा ब्लाउजपीस घेऊन योकोहामाला आले. त्यांच्या सहीची जागा भरलेली होती, माझी रिकामी.

मी म्हणालो, 'मी शिक्का मारणार नाही.'

'तो अधिकार तुम्हाला नाही.'

'मग थोडा उशीर करतो. तुमचा व्हिसा संपेल, अधिवेशन संपेल, विषय मागे पडेल.'

'राजा असं आजारी पडत नाही, महाराज.'

'अहो, हे सगळं माझ्यामुळे झालंय,' मी म्हणालो. 'आदित्यकडे मीच बोललो होतो.'

ते हसले. 'आदित्यने सांगितलं मला. योकोहामाकर, तुमचं म्हणणं बरोबर होतं. कागद अडत होते.' मग कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, 'आणि माझं काही बोलायचं राहिलेलं नाही आता. पुष्कळ बोललो. तिकडे एक शब्दही नाही, आणि इथे तळणावरसुद्धा पाऊण तास. हिशेब फिटला माझा.'

ही आतून म्हणाली, 'अहो, मारा एकदाचा शिक्का, खिचडी गार होतेय.'

मी हांको शाईत बुडवला. कागदावर डावीकडे त्यांची सही होती, लघुलिपीची सवय असलेल्या माणसाची, घाईची, एका झटक्यातली. मी शिक्का ठेवला, डावीकडे कलता केला आणि दाबला. चांगला कलता. नवशिक्या कारकुनाने मोठ्या साहेबापुढे वाकावं तितका.

त्यांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले.

'वाकडा आला,' ते म्हणाले.

'हात थरथरला,' मी म्हणालो.

त्यांनी शाईवर हलकी फुंकर घातली, कागद ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला, आणि खिचडीचं ताट पुढे ओढलं. त्यानंतर ते ठरल्या दिवशी ठाण्याला गेले. नाराज होऊन नव्हे, व्हिसा संपला म्हणून. पुढे दोनदा आलेही, आणि मागे खुर्चीवर, वरिष्ठ सभागृहात, कुणाच्याही बोलण्यात मान न हलवता बसले. मग महामारीत सीमा बंद झाल्या, आणि त्या उघडायच्या आत ते ठाण्यातच गेले. मेघना आता सिंगापूरला असते.

माझा हात त्या दुपारी थरथरला नव्हता. आजही थरथरत नाही. हे त्यांना कळलं होतं की नाही, याचा मी अजून विचार करतो, आणि दर वेळी तिथेच येऊन थांबतो : शिक्का जरा कलला तरी नवा कागद लिहिणारा तो माणूस, त्या दिवशी 'पुन्हा मारा' म्हणाला नाही.